पाटी ऑर्कुटची, सातबारा दुसऱ्याचा



आज मी आपणांस एका गावाची हकिगत सांगणार आहे. हे गाव जमिनीवर नव्हते, संगणकावर होते. २००४ साली ते वसले, पाहता पाहता त्यात कोट्यवधी माणसे राहायला आली, आणि २०१४ साली ते उठले. त्याचे नाव ऑर्कुट. आज ज्यांचे वय पस्तीस-चाळीसच्या पुढे आहे आणि जे त्या काळी शिक्षणासाठी खामगाव, अकोला किंवा पुण्याला राहत होते, त्यांना हे नाव ऐकून जुने दिवस आठवतील. त्यांच्या मुलांनी मात्र हे नाव बहुधा ऐकलेलेही नसेल. एवढी मोठी वस्ती दहा वर्षांत उभी राहते आणि मोडते, आणि पुढच्या पिढीला तिचा पत्ताही नसतो, हे कसे घडले? आणि आपल्या गावाने, आपल्या शाळेने त्यातून काय शिकावे? एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ऑर्कुट हे मुळात एका माणसाचे नाव. ऑर्कुट ब्युयुक्कोक्तेन हा तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात १९७५ साली जन्मलेला मुलगा. अंकारा येथे त्याने संगणकशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढच्या शिक्षणासाठी तो अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला. तिथे २००१ साली त्याने विद्यार्थ्यांसाठी 'क्लब नेक्सस' नावाचे एक संकेतस्थळ तयार केले. विद्यार्थ्याने आपली माहिती लिहायची, आपले मित्र कोण ते दाखवायचे, आणि त्या मित्रांच्या मित्रांशी ओळख करून घ्यायची, एवढीच त्यामागची कल्पना. थोड्याच दिवसांत दोन हजारांवर विद्यार्थी त्यात आले.

आपल्याला ही कल्पना नवी वाटू नये. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस काय विचारतो? "गाव कोणतं म्हणता? मेहकर? मग आमच्या साडूंना ओळखत असाल." दोन प्रश्नांत नाते निघते आणि चिखली येईपर्यंत दोघे एकमेकांच्या घरचे होतात. ओळखीतून ओळख काढण्याची हीच रीत त्या तरुणाने संगणकाला शिकवली.

पुढे तो गुगल या कंपनीत नोकरीला लागला. त्या कंपनीत एक पद्धत होती. नोकराने कामाच्या वेळेतला पाचवा हिस्सा स्वतःला सुचलेल्या कामासाठी वापरावा, अशी मुभा होती. त्या सुमारास अमेरिकेत 'फ्रेंडस्टर' नावाचे असेच एक संकेतस्थळ जोरात चालले होते. गुगलने २००३ साली ते तीन कोटी डॉलरला मागितले, पण त्याच्या मालकाने नकार दिला. तेव्हा आपल्याच घरात असे काही करावे, या विचाराला जोर आला. जानेवारी २००४ मध्ये या तुर्की तरुणाने केलेले संकेतस्थळ जगासमोर आले आणि त्याला त्याचेच नाव देण्यात आले. पाटीवर नाव नोकराचे, पण जागा, यंत्रे आणि किल्ल्या कंपनीच्या. श्रोत्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

सुरुवातीला ऑर्कुटमध्ये कोणालाही सरळ शिरता येत नसे. आधीच आत असलेल्या माणसाने निमंत्रण धाडले, तरच दार उघडायचे. या अटीने माणसे कमी येतील असे वाटेल, पण झाले उलटेच. निमंत्रण आले याचा अर्थ आपल्याला कोणीतरी आठवले, आणि असे निमंत्रण कोण टाळतो? शिवाय आत गेल्यावर पहिलाच माणूस ओळखीचा भेटे. २००६ साली ही अट निघाली आणि दार सर्वांना उघडे झाले.

ऑर्कुट अमेरिकेत जन्मले, पण त्याचे खरे घर झाले ब्राझील आणि भारत. आपल्याकडे त्या वेळी घरोघरी संगणक नव्हते आणि मोबाईल केवळ बोलण्यापुरता होता. तालुक्याच्या गावी नवे नवे सायबर कॅफे निघाले होते. लाकडी फळ्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक संगणक, आणि तासाचे पैसे. मुले वाट पाहत बाकावर बसत आणि आत गेली की आधी ऑर्कुट उघडत. एकमेकांच्या पानावर चार ओळी लिहून ठेवायच्या, त्याला 'स्क्रॅप' म्हणत. मित्राविषयी चार चांगले शब्द लिहायचे, त्याला 'टेस्टिमोनियल' म्हणत. आपल्याकडे समोरासमोर कोणाची स्तुती करायला माणूस लाजतो. पण तिथे मुलांनी एकमेकांविषयी मनातले लिहिले, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी ते पुन्हापुन्हा वाचले.

तिसरी गोष्ट म्हणजे 'कम्युनिटी', म्हणजे एका आवडीच्या किंवा एका गावच्या माणसांचा मेळा. गावाच्या नावाचा मेळा, महाविद्यालयाचा, वसतिगृहाचा, गडकिल्ल्यांचा, मराठी पुस्तकांचा, आणि 'मला सकाळी उठायचा कंटाळा येतो' असे म्हणणाऱ्यांचासुद्धा! परदेशी गेलेला मुलगा आपल्या तालुक्याच्या मेळ्यात येऊन विचारायचा, यंदा पाऊस कसा आहे, आणि कोणीतरी अनोळखी गाववाला त्याला उत्तर द्यायचा. २००७ मध्ये ऑर्कुट हिंदीबरोबर मराठीतही आले, आणि आपल्या भाषेत पाटी वाचून अनेकांना ते अधिकच आपले वाटले.

आता या वाढीमागचे गणित पाहू. गुरुजींनी हे गणित वर्गात घालून पाहावे. दोन माणसे असतील तर ओळखीची जोडी एक होते. दहा माणसे असतील तर जोड्या पंचेचाळीस. शंभर असतील तर चार हजार नऊशे पन्नास. माणसे दहापट झाली की जोड्या शंभरपटीहून अधिक वाढतात. म्हणून असे संकेतस्थळ एकदा चालू लागले की रानातल्या वणव्यासारखे पसरते. त्याची किंमत यंत्रात नसते, तिथे भेटणाऱ्या माणसांत असते. आपल्या आठवडी बाजाराचेही तसेच आहे. ओटे नगरपालिकेचे असतील, पण बाजार होतो तो विकणारा आणि घेणारा दोघे येतात म्हणून.

परंतु हेच गणित उलटेही चालते. शंभरातली पन्नास माणसे निघून गेली तर जोड्या निम्म्या राहत नाहीत. एक हजार दोनशे पंचवीस, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा राहतात. उरलेल्या माणसाला वाटते, इथे आता कोणी बोलायलाच नाही. मग तोही जातो. जो वेग चढताना, तोच उतरताना. ऑर्कुटचे नेमके असेच झाले.

माणसे निघू का लागली, याची कारणे एकाहून अधिक होती. पहिले कारण विश्वासाचे. ऑर्कुटमध्ये प्रथम कोणाचीही चिठ्ठी कोणालाही वाचता येत असे. दार सताड उघडे झाले, तेव्हा खोट्या नावाची माणसे शिरली, जाहिरातींचा कचरा आला, मुलींना अनोळखी लोकांचा त्रास सुरू झाला. डिसेंबर २००७ मध्ये एक उपद्रवी संदेश असा पसरला की केवळ तो उघडून पाहिल्याने तो आपल्या सर्व मित्रांच्या पानांवर जाऊन पडे. काही लाख लोकांना त्याचा उपसर्ग झाला.

आपल्या राज्यात तर हे प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले. २००६ मध्ये ऑर्कुटवरील भारतद्वेषी मेळ्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुगलला नोटीस काढली. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी कोणी अज्ञात माणसाने विकृत मजकूर टाकला, म्हणून पुण्यात क्षोभ उसळला. त्याच प्रकारच्या एका तपासात २००७ साली बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला पुणे पोलिसांनी धरून आणले. तो जवळजवळ पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात राहिला. नंतर उघड झाले की तो अगदी निर्दोष होता. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने पोलिसांना चुकीच्या ग्राहकाचा पत्ता दिला होता. मजकूर टाकणारा मोकळा आणि भलताच माणूस कोठडीत! जिथे बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही तिथे बोलण्याची जबाबदारी कोणावर टाकायची, हा प्रश्न ऑर्कुटने आपल्यापुढे प्रथम मांडला. तो अजून सुटलेला नाही.

दुसरे कारण म्हणजे शेजारी निघालेले नवे दुकान. फेसबुकही २००४ सालचेच, ऑर्कुटपेक्षा जेमतेम पंधरवड्याने लहान; पण आरंभी ते फक्त विद्यापीठातल्या मुलांसाठी होते. सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांना खुले झाले. ऑर्कुटवर मित्राची खबर घ्यायची तर त्याच्या पानावर आपण जावे लागे. फेसबुकने काय केले, तर सर्व मित्रांच्या खबरी एकापाठोपाठ एक आपल्याच पानावर आणून ठेवल्या. पंधरा घरी जाऊन विचारपूस करण्याऐवजी पंधराजण आपल्या ओट्यावर आले, असे झाले. शिवाय आपले लिहिणे कोणी वाचावे आणि कोणी वाचू नये, याचा बंदोबस्त तिथे अधिक होता. ऑर्कुटनेही पुढे असे काही बदल केले, पण तोवर शहरातली मुले जाऊ लागली होती. जुलै २०१० च्या एका मोजणीत आपल्या देशात फेसबुक पाहणारे दोन कोटी नऊ लाख आणि ऑर्कुट पाहणारे एक कोटी नव्व्याण्णव लाख भरले. फरक थोडा होता, पण पारडे फिरले होते. ब्राझीलमध्येही पुढच्या वर्षभरात तेच झाले.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑर्कुट ज्या कंपनीचे होते तिचा मुख्य धंदा वेगळाच होता. तिला माहिती शोधून देणे आणि जाहिराती मिळवणे यांत मिळकत होती. ऑर्कुट हे त्या वाड्यातले एक खोपट. २०११ साली कंपनीने फेसबुकला तोंड देण्यासाठी 'गुगल प्लस' हे नवे संकेतस्थळ काढले आणि सगळे बळ त्यामागे लावले. जुन्या ऑर्कुटकडे लक्ष देण्याचे कारण उरले नाही. ३० जून २०१४ रोजी कंपनीने जाहीर केले की तीन महिन्यांनी ऑर्कुट बंद होईल. आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. मौज अशी की ज्या गुगल प्लसवर एवढी भिस्त ठेवली, तेही सामान्य लोकांसाठी २०१९ च्या एप्रिलमध्ये बंद करावे लागले.

ही हकिगत मी एकदा आमच्या भागातल्या एका वृद्ध शेतकऱ्याला सांगत होतो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "सर, माणसं येत होती ना अजून? मंग चालतं दुकान त्याईनं बंद काहून केलं?" मी म्हटले, "दुकान ज्याच्या नावाचे होते त्याच्या मालकीचे नव्हते." ते हसले आणि म्हणाले, "म्हंजे पाटी एकाची अन् सातबारा दुसऱ्याचा!" माझ्या सगळ्या भाषणाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.

खरोखर, संकेतस्थळाला स्वतःचे नाव देणारा तो तरुण कंपनीचा नोकर होता. ते चालू ठेवावे की मोडावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा नव्हता. २०१४ मध्येच तो कंपनीतून बाहेर पडला. २०१६ साली त्याने 'हॅलो' नावाचे मोबाईल ॲप काढले, २०१८ मध्ये ते भारतातही आणले; पण ऑर्कुटची सर त्याला आली नाही. माणसे एकदा उठून गेली की कल्पना तीच, करणारा तोच, तरी मेळा पुन्हा भरत नाही.

नावाच्या मालकाची ही गत, तर तिथे राहणाऱ्यांची काय? बंद होताना कंपनीने एवढे केले की आपापली चित्रे आणि चिठ्ठ्या उतरवून घेण्यास दोन वर्षांची मुदत दिली, आणि सार्वजनिक मेळ्यांतले लिखाण वाचण्यापुरते जपून ठेवले. त्या वेळी कंपनीने जो हिशेब दिला त्यात पाच कोटी दहा लाख मेळे, बारा कोटी विषय आणि शंभर कोटींहून अधिक संदेश होते. २०१७ च्या मे महिन्यात ते वाचनालयही काढून टाकण्यात आले. ज्यांनी मुदतीत आपले सामान उचलले त्यांचे वाचले. बाकीच्यांच्या चार-पाच वर्षांच्या मैत्रीचा, भांडणांचा, कवितांचा, गावाकडच्या आठवणींचा एक कपटाही उरला नाही. पुष्कळांना तर मुदत होती हेही नंतर कळले.

आणि हे केवळ ऑर्कुटचे नाही. ज्या फ्रेंडस्टरने गुगलला नकार दिला, तेही सावकाश चालणाऱ्या पानांमुळे मागे पडले आणि शेवटी मिटले. 'मायस्पेस' नावाचे संकेतस्थळ २००५ साली अठ्ठावन्न कोटी डॉलरला विकले गेले आणि सहा वर्षांनी साडेतीन कोटींच्या आसपास किमतीला पुन्हा विकले गेले. २०१९ मध्ये त्याच्या मालकांनी सांगितले की यंत्रांची हलवाहलव करताना पहिल्या बारा वर्षांतली गाणी नष्ट झाली. हौशी गायकांनी विश्वासाने ठेवलेली सुमारे पाच कोटी गाणी एका हलवाहलवीत गेली.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या भाषेतले आहे. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' हे मराठी माणसांचे संकेतस्थळ सुरू केले. ते ऑर्कुटहून सात वर्षांहून अधिक वडील. कोट्यवधी माणसे तिथे कधी नव्हती. पण आपली भाषा हाच त्याचा मुख्य उद्योग असल्यामुळे ते ऑर्कुट उठल्यानंतरही टिकून राहिले. मोठेपणा आणि टिकाऊपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या अंगणात येऊ. आज गावागावांत व्हॉट्सॲपचे गट आहेत. शाळेचा गट, बचत गटाचा गट, माजी विद्यार्थ्यांचा गट, ग्रामपंचायतीचा गट. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, निवृत्त होणाऱ्या गुरुजींचे भाषण, विहिरीला लागलेले पाणी, पहिली आलेली मुलगी, सगळे तिथेच पडलेले असते. पण हा वाडाही दुसऱ्याचाच. व्हॉट्सॲप २०१४ साली फेसबुकच्या कंपनीने विकत घेतले. योगायोग पाहा, त्याच साली ऑर्कुट उठले. मी असे म्हणत नाही की व्हॉट्सॲप उद्या बंद पडेल. मी इतकेच म्हणतो की ते चालू राहावे की नाही, हे विचारायला आपल्या गावी कोणी येणार नाही.

आपल्या विदर्भातील जुने कोतवाल बुक आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर यांचे उदाहरण घ्या. शंभर वर्षांपूर्वी कोण्या कोतवालाने, कोण्या गुरुजींनी टाकाने लिहिलेली एक ओळ. त्या ओळीवर आजही माणसाची जन्मतारीख आणि जात शाबीत होते. कागद पिवळा पडला, कडा कुरतडल्या, पण ओळ उरली. कारण ती आपल्या कपाटात होती आणि ती सांभाळणे हे कोणाचे तरी काम होते. उद्या शंभर वर्षांनी आपल्या आजच्या शाळेविषयी कोणी काही शोधू लागला तर त्याला काय सापडेल?

म्हणून माझी शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे की वर्षअखेरीस एक दिवस या कामासाठी काढावा. गटातली निवडक छायाचित्रे संगणकावर उतरवून घ्यावी आणि त्यांची प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. त्यांतली दहा-बारा कागदावर छापून घ्यावी आणि प्रत्येकामागे कोण, कुठले, कोणत्या साली, हे हाताने लिहावे. कारण नाव नसलेले छायाचित्र पन्नास वर्षांनी अनोळखी माणसांचे चित्र होते. माजी विद्यार्थ्यांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक एका वहीत उतरवून ती वही शाळेच्या कपाटात ठेवावी आणि बदली झाल्यावर पुढच्या माणसाच्या हाती सही घेऊन द्यावी. मुलांनाच हे काम सांगितले तर अधिक चांगले. त्यांना इतिहास म्हणजे काय ते धड्यापेक्षा लवकर कळेल.

घरच्यांनीही हेच करावे. आजीचा आवाज, बापाचे शेतातले छायाचित्र, लेकीच्या लग्नातली चित्रे एकाच फोनमध्ये आणि एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवू नयेत.

नव्या साधनांचा उपयोग जरूर करावा. ऑर्कुटने दुरावलेले मित्र भेटवले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण भाड्याच्या घरात राहताना आपण पेटी-वळकटी आवरून ठेवतो, दागिने भिंतीत पुरत नाही. एवढे व्यवहारज्ञान आपल्या वाडवडिलांना होते. ते आपण संगणकाच्या बाबतीतही वापरावे, इतकेच मला सांगायचे होते.